बाबांनी प्रश्न विचारलाय, नाही म्हटलेलं नाही

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी २१ वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरी तेलुगू, शाळा मराठी. बीएस्सी संख्याशास्त्राचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलंय. बाबा आणि काका मिळून टॉवेलचा छोटा कारखाना चालवतात. तिला दिल्ली विद्यापीठात ऑपरेशनल रिसर्चमध्ये एमएस्सी करायचीय, त्यासाठीची सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा दिलीये आणि मार्क बघता प्रवेश होईल असं दिसतंय. बाबा म्हणतात, "ते शिकून तू नेमकं काय करणार?" मामा म्हणतो, "ना धड मॅनेजर ना धड मास्तर, त्यापेक्षा एमबीए कर की." आतेभाऊ पुण्यात एमबीए करून बँकेत लागलाय, त्याचं उदाहरण रोज जेवताना निघतं. शेवटच्या वर्षी याच विषयाच्या पेपरला तिला १०० पैकी ५२ पडले, त्यामुळे आपलं गणित कच्चं आहे असं तिच्या मनानं घेतलंय, आणि एवढ्या मोठ्या विद्यापीठात आपण हरवून जाऊ ही भीती वेगळीच. ती विचारते: ताई, जाऊ का नको? आणि बाबांना कसं पटवू?

अगं, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते. बाबांना कसं पटवू असं तू विचारतेस, पण अख्ख्या पत्रात बाबांनी नको म्हटलेलं मला कुठे दिसलं नाही. मामा नको म्हणतोय, आत्या टोमणे मारतेय, आई लग्नाचं काढतेय, ते सगळं आहे. बाबांनी मात्र फक्त विचारलंय, शिकून काय करणार. ज्या माणसाने आयुष्यभर सुताचे भाव आणि व्यापाऱ्यांची उधारी सांभाळली तो पैसे घालायच्या आधी यातून काय निघणार हे विचारणारच, उद्या तुझ्या काकाने नवीन माग घ्यायचा म्हटलं तरी हाच प्रश्न येईल. तुला तो विरोध वाटला कारण, माझा आपला अंदाज, उत्तर तुझ्याकडेही नाहीये. पत्रात विषयाचं नाव सारखं सारखं आलंय पण त्या विषयात माणूस करतो काय याची एक ओळ नाही. रागावू नकोस, मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय, पहिल्या बाकावरच्या मुलांनाही हे सांगता येत नाही.

तर आधी ते उत्तर तयार करू, जायचं का नाही ते मग त्यातूनच कळेल.

कारखाना घे, दवाखाना घे, एसटी डेपो घे, बँक घे, दुखणं सगळीकडे एकच असतं. माणसं, पैसा, वेळ, जागा मोजकी आणि मागणारे जास्त, मग कुणाला किती द्यायचं, माल कधी मागवायचा, किती साठवायचा, खिडक्या किती उघडायच्या. हे निर्णय लोक सवयीने घेतात आणि बऱ्याचदा बरोबरच घेतात. या विषयात तेच निर्णय कागदावर मांडून, आकडे घालून तपासतात. कुणी त्याला ऑपरेशनल रिसर्च म्हणतं, कुणी मॅनेजमेंट सायन्स, एमबीएवाले क्वांटिटेटिव्ह मेथड्स नावाचा पेपर ठेवतात, आत माल बराचसा तोच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेटसारखे शास्त्रज्ञ लष्करासाठी रडारचे आणि जहाजांच्या ताफ्यांचे असे हिशेब करायला बसले तेव्हापासून हा प्रकार रुळला असं पुस्तकात असतं, पण तुझ्या बाबांना सांगायचं असेल तर प्लायवूडची गोष्ट सांग. रशियात लेनिनग्राडला लिओनिद कांटोरोविच नावाचा गणिती होता, त्याच्याकडे प्लायवूडच्या लोकांनी प्रश्न आणला की आमच्याकडे वेगवेगळ्या प्रकारचं लाकूड आहे, वेगवेगळ्या क्षमतेची मशिनं आहेत, कोणतं लाकूड कोणत्या मशिनवर घातलं तर जास्तीत जास्त माल निघेल. त्याने ते १९३९ मध्ये गणित करून छापलं. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिगने अशी गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली, आणि १९७५ मध्ये कांटोरोविचला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, क्यूपमन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाबरोबर वाटून. तुला ज्यात ५२ पडले ते लिनिअर प्रोग्रॅमिंग असं मशिनवर माल कुठला घालायचा यातून निघालंय. म्हणजे तुमच्याच धंद्याची गोष्ट की.

आता कारखान्यात ये. खालचे आकडे मी मनाने घेतलेत, तू खरे टाक. समजा रंगीत सूत वर्षाला १२,००० किलो लागतं. एकदा ऑर्डर दिली की टेम्पोभाडं, हमाली, बाबांचा अर्धा दिवस असा मिळून १,५०० रुपये खर्च, मग किलो कितीही आणा. सूत २५० रुपये किलो धरलं आणि व्याज १० टक्के, तर एक किलो सूत वर्षभर गोडाऊनला पडून राहिलं की २५ रुपये गेले. थोडं थोडं आणलं तर भाडं मारतं, एकदम आणलं तर व्याज मारतं, मग एका वेळेला आणायचं किती? फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ मध्येच याचं सूत्र दिलंय: दोन गुणिले वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च, त्याला एका किलोच्या साठवणुकीच्या खर्चाने भाग आणि वर्गमूळ काढ. कॅल्क्युलेटरवर करून बघ, १,२०० किलो येतात. वर्षाला १० ऑर्डरी, त्याचे १५,००० रुपये, गोडाऊनला सरासरी ६०० किलो पडून, त्याचं व्याज १५,०००. एकूण ३०,०००.

इथपर्यंत कुठल्याही गाइडमध्ये मिळेल. गंमत पुढे आहे. बाबा आपले अंदाजाने २,००० किलो उचलत असतील तर काय होतं? ऑर्डरी ६, त्याचे ९,०००, पडून सरासरी १,००० किलो, व्याज २५,०००, एकूण ३४,०००. सूत्रापेक्षा बाबा दोन तृतीयांश जास्त माल उचलतायत आणि तरी खर्च साधारण १३ टक्केच वाढला, वर्षाला ४,००० रुपये. म्हणजे बाबांचा अंदाज वाईट नाहीये, तिथे डोकं घालत बसण्यात अर्थ नाही, हे गणितच तुला सांगतंय. मला या विषयात हे फार आवडतं, कुठे लक्ष द्यायचं नाही तेही कळतं. शहाणी मुलगी पहिल्या दिवशी बाबांना तुम्ही चुकताय असं सांगायला जाते, जरा जास्त शहाणी असेल ती म्हणते इथे ठीकाय, पुढचं बघू.

आणि बाबा काय म्हणतील ते पण मला ऐकू येतंय. म्हणतील, भाव वर जाणार असं दिसलं की मी दुप्पट उचलतो, तुझ्या सूत्रात भाव कुठाय? आणि सूतवाला महिनाभर उधारी देतो त्याचं काय? बरोबरच आहे त्यांचं. त्या सूत्रात भाव स्थिर धरलाय, पैसे रोख धरलेत, मागणी वर्षभर सारखी धरलीये, आणि लग्नसराईत नि दिवाळीला टॉवेलची मागणी सारखी राहत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मग भाव हलतो असं धरून परत मांडायचं, उधारी धरून परत मांडायचं. दोन वर्षं दिल्लीत जाऊन करायचं ते हेच, कुठलं गृहीत धरलं की उत्तर किती हलतं ते बघत बसायचं. बाबांशी असा वाद घालताना तुला मजा आली तर हा विषय तुझा आहे. कंटाळा आला, भांडण झालं असं नाही, कंटाळा, तर मग विचार कर.

अजून एक सांगते, याला वर्गमूळही नको. विणून झालेले पण शिलाई, घडी, पॅकिंगसाठी थांबलेले टॉवेल मोज. सरासरी ३,००० थांबलेले असतील आणि दिवसाला ५०० बाहेर पडत असतील तर एक टॉवेल मागावरून उतरल्यापासून सरासरी ६ दिवस आत अडकतो. भागाकार फक्त. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याची सिद्धता दिली म्हणून लिटलचा नियम म्हणतात, दवाखान्याच्या रांगेलाही चालतो आणि बँकेच्या टोकनलाही. आता व्यापारी म्हणाला मला तीन दिवसांत माल पाहिजे, आणि काकांनी माग जोरात चालवायला सांगितले, तर काय होईल? अडलंय शिलाईला असेल तर ढीग वाढेल, सहाचे सात दिवस होतील. माणूस शिलाईला वाढवायला पाहिजे. हे काकांना जेवताना सांगून बघ, आतेभावाचा विषय त्या दिवसापुरता तरी मागे पडेल.

आता ते ५२ मार्क. तू लिहिलंयस "ज्या विषयात जायचंय त्यातच कमी पडले, म्हणजे देवानेच उत्तर दिलं." देवाला मध्ये कशाला घेतेस. तो पेपर कसा असतो मला माहितीये, सिम्प्लेक्सची टेबलं हाताने सोडवायची, तिसऱ्या टेबलात एक वजाबाकी चुकली की पुढचं सगळं पाण्यात. बाहेर हे काम कुणी हाताने करत नाही, छोटं असेल तर एक्सेलमधला सॉल्व्हर करतो, मोठं असेल तर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून करतात आणि त्यातली कितीतरी साधनं फुकट आहेत. कॉम्प्युटरला जमत नाही ते मांडणी. ठरवायचं काय आहे, अडचणी कोणत्या, आणि चांगलं म्हणजे काय, नफा जास्त का माल वेळेवर का कामगारांचे खाडे कमी. ते माणसाला करावं लागतं आणि तिथेच भले भले अडकतात.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू जाता जाता एक वाक्य टाकलंयस, की दिवाळीच्या आधी बाबांना सारखं बीम (मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ) बदलायला लागू नये म्हणून तू एक्सेलमध्ये शीट बनवली होतीस, कुठली ऑर्डर कुठल्या मागावर आधी घालायची त्याची, आणि माग सांभाळणारा जॉबर पण आता तीच बघतो. अगं याला शेड्युलिंग म्हणतात! बीम बदलताना माग बंद राहतो तो वेळ म्हणजे सेटअप टाइम, आणि कशानंतर काय लावलं तर तो कमी होतो यावर लोक पीएचडी करतात. पत्रात ५२ वर तू पानभर लिहिलंस आणि यावर एक ओळ.

पण गोड बोलून फसवणार नाही. एमएस्सीला गणित असतं आणि भरपूर असतं. प्रोबॅबिलिटी, मॅट्रिक्स, क्यूइंग, मार्कोव्ह चेन, इन्व्हेंटरी, नॉन-लिनिअर, सिम्युलेशन, शिवाय सिद्धता लिहाव्या लागतात, शीट बनवण्याइतकं ते मजेचं नसतं. म्हणून आधी एवढं कर, तुझा जुना पेपर काढ आणि गेलेले ४८ मार्क कुठे गेले ते बघ. आकडेमोडीत गेले असतील तर सोडून दे. उदाहरण वाचून समीकरणं मांडताच आली नाहीत असं असेल तर मांडणीची वीस-पंचवीस उदाहरणं सोडवून बघ, नुसती मांडणी, उत्तर काढूच नको. आणि ड्युअल, म्हणजे त्याच गणिताची उलट्या बाजूने केलेली मांडणी, ती का काढतात, हे कळलंच नव्हतं असं असेल तर आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल या साइटवर ऑपरेशन्स रिसर्चचे अख्खे कोर्स फुकट आहेत, त्यातला ड्युअलचा भाग बघ. त्यातूनच शॅडो प्राइस निघते, म्हणजे मागाचा अजून एक तास मिळाला तर नफा किती वाढेल, मग ओव्हरटाइमला किती पैसे दिलेले परवडतात ते सांगता येतं. परीक्षेला पाठ केलेली गोष्ट अशी समोर आली की बऱ्याच मुलांचं गाडं तिथून पुढे जातं.

मोठ्या विद्यापीठाचं बोलू. आपलं केगावचं सोलापूर विद्यापीठ २००४ चं, एका जिल्ह्यापुरतं, दिल्ली विद्यापीठ १९२२ चं, कॉलेजं किती आणि मुलं किती, घाबरायला होतंच. पण तू विद्यापीठात बसणार नाहीस, डिपार्टमेंटमध्ये बसणार आहेस, आणि एमएस्सीची बॅच म्हणजे त्याच त्याच पोरांचा एक वर्ग, दोन वर्षं तीच तोंडं. हरवायची भीती आहे ती वेगळ्या कारणाने. तिथे मागे कोणी लागत नाही. इथे सर घरी फोन करतात, पोरगी दोन दिवस आली नाही म्हणून, तिथे तू महिनाभर नाही गेलीस तरी कुणाला पत्ता नाही. नोटीस आपण बघायची, तारीख आपण लक्षात ठेवायची, न कळलेलं सरांच्या केबिनचं दार वाजवून आपण विचारायचं. पहिल्या महिन्यातच एखादा खरा प्रश्न घेऊन एका तरी शिक्षकांना भेट, आणि अभ्यासाला तीन-चार जणांचा ग्रुप कर, त्यात एक तरी आपल्यापेक्षा हुशार आणि एक तरी आपल्यापेक्षा घाबरलेला असू दे. दुसऱ्याला समजावताना आपलं पक्कं होतं. मोठ्या ठिकाणचा खरा फायदा शेजारचा असतो, त्याच कॅम्पसवर संख्याशास्त्र आहे, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, कुणी ना कुणी व्याख्यानाला येत असतं, मागच्या बाकावर जाऊन बसायला कुणी अडवत नाही. तो फायदा उचलायचा नसेल तर मात्र एवढ्या लांब जायची खरंच गरज नाही, खोलीत बसून नोट्स वाचायच्या तर त्या सोलापुरात पण वाचता येतात.

जायच्या आधी तिथल्या सीनियर्सना गाठ, लिंक्डइनवर सापडतात, मराठी आडनाव दिसलं की आधी त्याला मेसेज टाक, तेवढा भाषावाद चालतो. त्यांना मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट कुठले होते ते विचार, डेटा खऱ्या कंपनीचा होता का पुस्तकातला, सॉफ्टवेअर कुठलं शिकवतात, इंटर्नशिप डिपार्टमेंट बघून देतं का आपली आपण शोधायची. पॅकेज विचारशील तेव्हा सर्वात मोठं किती ते विचारू नको, सरासरीही विचारू नको, एकाला ४० लाख आणि नऊ जणांना ५ लाख मिळाले की सरासरी साडेआठ लाख येते आणि साडेआठ कुणालाच मिळालेले नसतात. पॅकेज चढत्या क्रमाने लावली तर मधल्या मुलाला किती मिळाले ते विचार, आणि किती जणांनी नाव नोंदवलं होतं त्यातल्या किती जणांना. संख्याशास्त्र शिकून प्लेसमेंटच्या पोस्टरला फसलीस तर मी फोन करून बोलेन.

मामाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एमबीए वाईट नाही. माणसं सांभाळायची, विकायचं, बोलायचं, सगळ्या खात्यांचं थोडं थोडं कळून घ्यायचं, हे आवडत असेल तर एमबीएच कर, त्यात क्वांटिटेटिव्ह मेथड्स एखाद-दुसऱ्या पेपरापुरतं येतं आणि बहुतेक मुलं ते पास होऊन विसरतात. तुझा कल तो नाही असं मला पत्रावरून वाटतं पण मी पत्रावरूनच बोलतेय. आतेभावाशी तू पॅकेज सोडून काही बोललीयेस का कधी? त्याला विचार की सकाळी दहा ते संध्याकाळी सात तू नेमकं काय करतोस. तो सांगेल, कार्ड विकतो, लोनचं टार्गेट असतं, किंवा कदाचित शाखांमध्ये कॅश किती ठेवायची त्याचं बघतो असंही सांगेल, मग तर तो तुझ्याच विषयात निघाला. ऐकून त्याच्या खुर्चीत बसावंसं वाटतंय का ते बघ. आणि एमबीए नंतर पण करता येतं, दोन-तीन वर्षं नोकरी केल्यावर केलं तर शिकवलेलं जास्त कळतं आणि चांगल्या ठिकाणी तो अनुभव मोजतात. उलटं, म्हणजे एमबीए करून मग एमएस्सीचं गणित, असं फार कमी लोक करतात, कारण हात सुटलेला असतो.

तू फक्त दिल्ली का पुण्याचं एमबीए एवढंच धरून बसलीस, तिसरा रस्ता तुझ्या दारातच आहे. केगावला संख्याशास्त्राची एमएस्सी आहे. घरी राहून होईल, खर्च कमी, ऑपरेशन्स रिसर्च बाजूने ऑनलाइन शिकता येईल, आणि प्रोजेक्टला तर कारखाना हजर, दिल्लीच्या मुलाला असा खरा डेटा मिळवायला नाकदुऱ्या काढाव्या लागतात. हा कमी दर्जाचा पर्याय आहे असं मनात असेल तर काढून टाक. तरी माझं मत विचारशील तर दिल्ली मिळत असेल आणि परवडत असेल तर जा, कारण हाच विषय अख्खा डिपार्टमेंटभर शिकवणारी ठिकाणं आपल्याकडे मोजकी आहेत आणि तुला सोबतीला त्याच विषयाचं खूळ असलेली पोरं मिळतील. नाही जमलं तर केगाव, आणि एमबीए तिसऱ्या नंबरला. हा माझा क्रम झाला, तुझा वेगळा असू शकतो.

मास्तर का मॅनेजर, याचं उत्तर मामाला असं दे की नोकरीच्या जाहिरातीत मॅनेजमेंट सायन्स हा शब्द बहुतेक सापडणारच नाही. अॅनालिस्ट असं लिहिलेलं असतं, सप्लाय चेन प्लॅनर, डेटा सायंटिस्ट, प्रायसिंग, रिस्क, डिमांड फोरकास्टिंग. विमान कंपन्यांना क्रू लावायला असे लोक लागतात, घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांना गोडाऊन नि रस्ते ठरवायला लागतात. शोधताना तू हे शब्द शोध, डिग्रीचं नाव शोधत बसलीस तर निराशच होशील. आणि नुसती डिग्री पुरत नाही, पायथन किंवा आर यातलं एक बऱ्यापैकी यायला पाहिजे, डेटाबेसमधून माहिती काढायला एसक्यूएल यायला पाहिजे.

इंग्रजीचं तू अर्ध्या ओळीत टाकलंस, मला ते गणितापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. लेक्चर कळेल, सूत्रं सगळीकडे सारखीच असतात, आणि वर्गात हिंदी मीडियमची पोरंही असतील. अडतं ते लिहिताना. या विषयात शेवटी मॅनेजरला दोन पानांचा रिपोर्ट द्यायचा असतो, त्याला सिम्प्लेक्स माहिती नसतो, त्याला काय करायचं ते कळायला पाहिजे. घरी तेलुगू, बाहेर मराठी, व्यापाऱ्यांशी हिंदी असं तीन भाषांत हिशेब समजावत तू वाढलीस, चौथी जमेल, पण आजपासून रोज एक परिच्छेद इंग्रजीत लिही. वर सुताचं उदाहरण दिलंय ना, तेच लिहून काढ, सूत्र न वापरता.

खर्चाचं सांगते तेवढं बाबांना नीट दाखव. केंद्रीय विद्यापीठाची फी खाजगी एमबीएच्या मानाने खूप कमी असते, खरा खर्च राहण्या-खाण्याचा. होस्टेल सगळ्यांना मिळत नाही, म्हणून मिळालं तर किती आणि बाहेर खोली घेतली तर किती असे दोन हिशेब कर, आणि बाबांना मोठा आकडा आधी सांग. जाणं-येणं सोपं आहे, कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरवरून थेट नवी दिल्लीला जाते, गाडी बदलायला नको, आईला तेवढाच धीर. पहिल्या वेळेला बाबांना घेऊनच जा, राहायची जागा त्यांच्या डोळ्याने बघू दे. लग्नाचं म्हणशील तर आईशी दोन वर्षं हा शब्द स्पष्ट बोलून घे, कोर्स कधी संपतो तो महिना सांग, "नंतर बघू" म्हटलं की दर सुट्टीला स्थळं येतात.

आणि परत यायचं का, हे तू विचारलं नाहीस पण वाक्यावाक्यात आहे. दिल्लीला गेले म्हणजे कारखाना सोडला, आणि परत आले म्हणजे शिक्षण वाया, असं तू धरलंयस. दोन्ही आत्ताच धरायची गरज नाही. चार वर्षं कुठल्या कंपनीत काढून आलीस आणि बाबांच्या टॉवेलला बाहेरचं मार्केट शोधलंस तर ते वाया कसं? नाही आलीस तरी महिन्याला एकदा ती शीट दुरुस्त करायला फोनवर बसता येतंच.

ज्यांच्या घरी कारखाना नाही आणि जे हेच वाचतायत, बार्शीत, पंढरपुरात, कुठेही, त्यांना हे सगळं मेसवर करता येईल. रोज पोळ्या किती उरतात, किती कमी पडतात, महिनाभर लिहून ठेवा आणि उरलेल्या पोळीचं नुकसान जास्त का उपाशी गेलेल्या गिऱ्हाइकाचं, यावरून किती लाटायच्या ते ठरवून बघा. किराणा दुकान, दूध डेअरी, चहाची टपरी, काहीही चालतं, मालक आकडे देत असला म्हणजे झालं.

आता तू काय करायचंस. येत्या पंधरा दिवसांत वरची दोन गणितं खऱ्या आकड्यांनी कर, आकडे बाबांकडूनच घे, घेताना ते काय काय सांगतात ते लिहून ठेव. मग एका कागदावर मराठीत चार गोष्टी लिही: या विषयात काय करतात, आपल्या कारखान्यात मला काय सापडलं, दोन वर्षांचा खर्च, आणि नोकरी कुठल्या प्रकारची. तो कागद बाबांना दे, मामा नसताना. ते वाचून त्यांनी प्रश्न विचारले तर उत्तर दे, येत नसेल तर येत नाही म्हण. त्यानंतर त्यांनी नाही म्हटलं तर तो नकार, मग मला परत लिही, तेव्हा पटवायचं बोलू.

आणि कागदपत्रांचं आत्ताच बघ. ओबीसीच्या राखीव जागेतून प्रवेश घेणार असशील तर केंद्रीय विद्यापीठाला जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो निघायला तहसीलला वेळ जातो. प्रवेशाच्या यादीची वाट बघू नको, उद्याच अर्ज टाक.